नाकारलेला व्हिसा आणि कुटुंबाचा हक्क

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनचे एक जुने सभासद माझ्याकडे एक कागद घेऊन आले. मुलगी इंग्लंडात, तिला पहिली मुलगी झालेली. नातीला पाहायला दोन महिने जावे म्हणून त्यांनी व्हिसा मागितला होता, तो नाकारला गेला. आपण परत जाल अशी खात्री पटत नाही, असा कागदाचा आशय. "मी तिथं राहून करू काय, भाऊ?" ते म्हणाले.

माझा जन्म कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवण्यात गेलेला. लगेच अपील लिहायला बसलो. सातबारा पाहिला नाही, पेन्शन लक्षात घेतले नाही, वगैरे. दोन पाने झाल्यावर कायदा उघडला आणि लेखणी खाली ठेवली.

नातलगांना भेटायला जाणाऱ्यांचा अपिलाचा हक्क ब्रिटनने १९९३ साली काढून घेतला, २००० साली परत दिला आणि जून २०१३ मध्ये पुन्हा काढला. (चळवळीतल्या माणसाला हा खेळ नवा नाही.) अधिकाऱ्याने कागद चुकीचे वाचले, एवढ्यावर आता अपील होत नाही. अपिलाची एकच खिडकी उरली, ती मानवी हक्कांची.

युरोपीय मानवी हक्क कराराचे आठवे कलम खाजगी व कौटुंबिक जीवनाचा आदर राखावयास सांगते. तिथे प्रश्नच बदलतो. 'हा माणूस परत जाईल काय?' हे मागाहून. आधी 'या दोघांत कायद्याने कौटुंबिक जीवन म्हणावे असे काही आहे काय?' नवरा-बायको, आईबाप व अज्ञान मूल, ही नाती बहुधा बसतात. सज्ञान मुलगी आणि बाप यांच्यात नुसती माया पुरत नाही. नेहमीपेक्षा अधिक अवलंबून असणे दाखवावे लागते. मायेचे हे माप मला पटत नाही, पण न्यायाधीशाच्या हाती तेच आहे. २०१५ साली वरिष्ठ न्यायाधिकरणाने एवढे मात्र म्हटले की, जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर कुटुंबासह शोक करण्यास व कबरीवर जाण्यास येऊ न देणे हाही या हक्कातील हस्तक्षेप ठरू शकतो.

नाते मान्य झाले, तर नकार प्रमाणाबाहेरचा होता काय हे पाहतात. व्हिसाच्या अटी पुऱ्या केल्या होत्या ही गोष्ट तेव्हा वजनदार ठरते, निर्णायक नव्हे. म्हणून सातबारा आणि त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतेच.

आणखी एक. अपील होते ते मानवी हक्काचा दावा नाकारल्याविरुद्ध. म्हणून दावा मूळ अर्जातच मांडावा: कोणाला भेटायचे, आत्ताच का, आणि तिकडचे माणूस इकडे का येऊ शकत नाही. इथे बसून अपील करणाऱ्याला नकार हाती आल्यापासून २८ दिवस मिळतात.

आमच्या सभासदांचे प्रकरण त्या खिडकीत बसत नव्हते. तसे सांगितल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग आम्ही नवा अर्ज केला. बँकेतली प्रत्येक मोठी रक्कम कुठून आली ते ओळीओळीने लिहिले, जावयाचे पत्र जोडले. व्हिसा मिळाला. नात तोवर चालू लागली होती.