कुरणातली धावपट्टी आणि रेशनची रांग

श्रीपुरात मळा म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको. बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट १९३४ साली उभी राहिली, तेव्हापासून हे गाव ऊस आणि साखर बघत आलंय. पीक देणारी जमीन कुणी नुसती मोकळी ठेवली, तर आपल्या डोळ्याला खटकतं. आज अशाच एका मोकळ्या पट्टीची गोष्ट सांगतो. ती आहे अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये, पण तिचा धागा आपल्या रेशनच्या पिशवीपर्यंत येतो.

लिंडन जॉन्सन सिनेटर असताना त्यांनी १९५१ मध्ये पेडर्नालेस नदीकाठचं गुरांचं कुरण आत्याकडून घेतलं. तिकडे त्याला रँच म्हणतात. वॉशिंग्टन लांब, म्हणून रानातच विमान उतरवायची सोय केली. आधी साधी गवताची पट्टी होती. पुढे ती डांबरी झाली आणि वाढत वाढत ६,३०० फुटांची, म्हणजे जवळपास दोन किलोमीटर झाली.

नोव्हेंबर १९६३ मध्ये जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचं मोठं बोइंग ७०७ या पट्टीला पेलणारं नव्हतं. ते दुसऱ्या विमानतळावर उतरायचं आणि तिथून जेटस्टार नावाच्या छोट्या जेटनं ते घरी यायचे. त्या जेटला गमतीनं ‘अर्धं एअर फोर्स वन’ म्हणत. आपल्या कारकिर्दीतले सुमारे एक चतुर्थांश दिवस त्यांनी कुरणावर काढले. आता बघा, राष्ट्राध्यक्ष जिथे, सरकार तिथे. मंत्री, फायली, पत्रकार सगळे गायीगुरांमध्ये!

इकडे १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं देशात पावसानं दगा दिला. पी.एल. ४८० खाली अमेरिकेचा गहू येत होता. १९६६ मध्ये तर त्यांच्या गव्हाच्या पिकाचा साधारण पाचवा हिस्सा भारतात आला. पण जॉन्सन यांनी दोरी आखूड धरली. थोडं थोडं धान्य सोडायचं आणि तेही स्वतः मंजुरी देऊन. भारतानं शेतीकडे नीट लक्ष द्यावं, असा त्यांचा आग्रह होता. व्हिएतनाम युद्धावरची आपली टीकाही त्यांना झोंबत होती. मी तेव्हा शाळकरी पोर. रांगेत उभं राहून लाल मिलो आणायचो. त्याची भाकरी आईला कधी नीट थापता आली नाही. ते धान्य कुणाच्या मर्जीनं येतंय, हे तिला कुठून ठाऊक असणार?

१९६९ मध्ये सत्ता गेली. १९७२ मध्ये जॉन्सन दांपत्यानं ही मालमत्ता राष्ट्राला दिली. पुढच्याच जानेवारीत जॉन्सन तिथेच वारले. आज तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. जेटस्टार पट्टीजवळ उभं आहे आणि हँगरमध्ये पर्यटकांचं केंद्र आहे.

आता प्रश्न असा, की ही धावपट्टी ओस का पडली? डांबर उखडलं म्हणून नाही. ज्याच्या घाईसाठी ती होती, तो माणूस गेला म्हणून. जमीन खासगी होती, पण तिच्यावरून जाणारे निर्णय खासगी नव्हते. आपल्याकडे १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानं जमीन किती असावी, हे विचारलं. पण सत्ता किती हातांत असावी, हा प्रश्न सातबाऱ्यावर मावत नाही.

त्याच १९६६ मध्ये भारतानं मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं. आखूड दोरीला आपण दिलेलं खरं उत्तर ते होतं.