सानगडी ते नागपूर : बॅटरीवरचा एक दिवस

पहाटे 4.00

उठल्यावर पहिले काम म्हणजे माझ्या इलेक्ट्रिक टॅक्सीला लावलेली चार्जिंगची गन काढणे. रात्री नऊला लावलेली असते. भिंतीवरच्या 7.2 किलोवॅटच्या चार्जरवर माझ्या टाटा नेक्सॉनची 45 किलोवॅट-तासाची बॅटरी साडेसहा-सात तासांत भरते. साध्या 15 अँपिअरच्या प्लगवर हेच काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते. पडद्यावर शंभर टक्के पाहिले की बादलीभर पाणी अर्थिंगच्या खड्ड्यात ओततो. मे महिन्यात सानगडीची जमीन इतकी वाळते की अर्थिंग कमजोर पडते आणि गाडी चार्जिंग घेतच नाही. यात गाडीचा दोष नाही. माणसाला शॉक बसू नये म्हणून ती थांबते. पण सकाळी पेशंटला न्यायचे असेल आणि रात्रभर बॅटरी भरलीच नसेल, तर कारण काहीही असो, गाडी दारातच उभी राहते. इलेक्ट्रिक गाडीचा भरवसा शोरूमच्या कागदावर लिहिलेला असतो, पण गावात तो या खड्ड्यापासून मोजावा लागतो.

पहाटे 4.45

पेशंट आजोबा मागच्या सीटवर, मुलगा माझ्या शेजारी. कर्करोगाच्या उपचारासाठी नागपूरची वारी. गाडी निघाली तरी मुलगा विचारतो, "आवाज तं येतच नाही जी, चालू आहे ना?" हिरव्या पाटीवरचे पिवळे आकडे पाहून लोक अजूनही गाडीभोवती फिरून बघतात.

साकोलीपर्यंतचा रस्ता दुपदरी. कडेची पांढरी रेघ कुठे आहे, कुठे मातीखाली गेली आहे. पहाटे फिरायला निघालेली माणसे, बैलबंड्या, मध्येच बसलेली गुरे. इथे डोळे उघडे ठेवून चाळीसने चालवायचे.

सकाळी 6.00

साकोलीहून राष्ट्रीय महामार्ग 53. ऐंशीवर वेग बांधून घेतला. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून शंभर-एकशेदहावर पळवणाऱ्याची बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. कारध्याजवळ वैनगंगा ओलांडली, भंडारा मागे पडले.

सकाळी 7.45

पेशंटला दवाखान्याच्या दारात उतरवले. बॅटरी साठ टक्क्यांच्या आसपास. जाऊन-येऊन अंतर अडीचशे किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे हिशेबाने न भरताही घरी पोचता येते. तरी मी भरतो. रात्री कोणाला साप चावला, कोणाची बाळंतपणाची वेळ आली, तर फोन मलाच येतो. रिकाम्या बॅटरीने घरी जाणारा ड्रायव्हर गावाच्या कामाचा नाही.

सकाळी 11.00

नागपुरातले चार्जिंग स्टेशन ही आम्हा ड्रायव्हरांची खरी शाळा. आज माझ्या एका बाजूला महिंद्राची बीई 6, दुसऱ्या बाजूला एमजी विंडसर. ऐंशी टक्क्यांनंतर बॅटरी सावकाश भरते, तेव्हा बोलायला वेळच वेळ.

रेंजचे आकडे आधी. बीई 6 च्या 79 किलोवॅट-तासाच्या बॅटरीचा दावा 682 किलोमीटरचा, माझ्या गाडीचा 489, पहिल्या 38 किलोवॅट-तासाच्या विंडसरचा 331. हे आकडे प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेले आहेत. तिथे विदर्भाचे ऊन नाही, भरलेली डिकी नाही. टाटा कंपनीच माझ्या गाडीसाठी रस्त्यावरचा अंदाज साडेतीनशेच्या पुढेमागे सांगते आणि तो मला प्रामाणिक वाटतो. कोणतीही गाडी घ्या, दाव्यातला तिसरा हिस्सा वजा करून हिशेब मांडावा.

बीई 6 च्या ड्रायव्हरने लेन सांभाळणारी, पुढच्या गाडीपासून अंतर राखणारी यंत्रणा दाखवली. समृद्धी महामार्गावर ती छान चालते, हे त्याचे म्हणणे मला पटते. तिथे रेघा ठळक आहेत आणि समोरून कोणी येत नाही. पण ही स्वयंचलनाची दुसरी पातळी. स्टिअरिंग आणि ब्रेक यंत्र सांभाळते, नजर आणि जबाबदारी माणसाची. टेस्लाची मॉडेल वाय जुलै 2025 मध्ये मुंबईत आली, तेव्हा स्वयंचलनाच्या पॅकेजची किंमत 6 लाख रुपये लावली होती, सोय मात्र पुढे मिळणार होती. अमेरिकेत फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्कोत वेमोच्या गाड्या ड्रायव्हरविना फिरतात, पण शहराचा बारीक नकाशा आधी तयार करून, छतावर लेसर लावून. आमच्या नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांनी डिसेंबर 2023 मध्ये इथेच सांगितले होते की चालकविरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही, लाखो ड्रायव्हरांची रोजी जाईल. माझी रोजी त्यातच आहे, म्हणून ते ऐकून बरे वाटले. पण मला कारण आणखी एक दिसते. आजोबांना मळमळले तर गाडी कुठे उभी करायची, हे यंत्राला कळत नाही.

नागपूरला इलेक्ट्रिक गाड्यांचा अनुभव जुना आहे. मे 2017 मध्ये ओला आणि महिंद्राने इथे इलेक्ट्रिक टॅक्सींचा मोठा प्रयोग सुरू केला. तो अडला तो चार्जिंगच्या रांगेत. तासन् तास उभे राहून ड्रायव्हर कंटाळले, कित्येकांनी डिझेलची गाडी परत मागितली. त्या वेळच्या गाड्या एका चार्जमध्ये जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर जात. आज बॅटरी तिप्पट झाली आहे, आणि भरवशाचा प्रश्न बॅटरीतून सरकून सर्व्हिस सेंटरच्या अंतरावर आला आहे. मोठ्या बॅटरीला अनेक वर्षांची वॉरंटी असते, पण 12 व्होल्टची छोटी बॅटरी बसली तर गाडी उठतच नाही. ती बदलणारा माणूस साकोलीत आहे की नागपुरात, हे आधी विचारावे.

दुपारी 4.30

परतीला निघालो. बाहेर अंग भाजते आहे. एसी बंद केला तर वीस-पंचवीस किलोमीटर वाढतील, पण औषध चढवून आलेल्या माणसाला तापलेल्या गाडीत बसवता येत नाही. इंजिनाची थरथर नाही, डिझेलचा वास नाही, म्हणून आजोबा लाखनीपर्यंत शांत झोपले. गाडीच्या सगळ्या गुणांत मला हा गुण मोठा वाटतो.

संध्याकाळी 7.15

साकोली सोडली, अंधार पडला. वळणावर उन्हाळी धानाची ट्रॉली उभी, मागे दिवा नाही, पोती बाहेर आलेली, शेजारी दोघे जण वाकून टायर बघत होते. समोरून ट्रक. ब्रेक दाबला, हॉर्न वाजवला, ट्रक जाऊ दिला आणि मग बाजूने काढली.

रात्री 9.00

आजोबांना घरी सोडून गन लावली. चार्जिंग सुरू झाल्याचा दिवा पाहिल्याशिवाय मी आत जात नाही.

गावाकडे इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांना एकच विनंती. चाचणीसाठी शोरूमसमोरच्या चौपदरी रस्त्यावर फिरू नका. गाडी आपल्या गावापर्यंत मागवा, पाच माणसे बसवा, एसी लावा, रात्री आपल्या रस्त्याने चालवा आणि मगच सौदा करा.