पैसा, कर्ज आणि सुखाची झोप

‘पैशाने सुख मिळत नाही’ असे सांगणाऱ्याचे पोट बहुधा भरलेले असते. ज्या घरात महिनाअखेरीला सिलिंडर संपतो आणि मुलीची फी राहते, त्या घराला हे वाक्य ऐकवू नये. बाबासाहेबांनीही १९५० साली बुद्ध आणि त्यांच्या धर्माच्या भवितव्यावर लिहिताना बजावले होते, की धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये.

मग आरोग्याच्या पानावर पैशाचा विषय कशाला? कारण पैशाची काळजी आधी डोक्यात शिरते आणि मग अंगात उतरते. झोप लागत नाही, पित्त खवळते, डोके दुखते, रक्तदाब वाढतो, घरात शब्दाला शब्द लागतो. आपण गोळी डोकेदुखीवर घेतो, पण मूळ दुखणे हप्त्याचे असते.

माणूस तोच, अक्कल तीच

तामिळनाडूतील ऊस शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची ऊसतोडीपूर्वी, म्हणजे हात रिकामा असताना, आणि नंतर पैसे आल्यावर बुद्धीची चाचणी घेतली. तोडीपूर्वी तेच लोक कमी पडले. टंचाईत डोक्याचा मोठा भाग ‘उद्या काय’ यातच गुंतून राहतो. म्हणून अडचणीत चुकीचा निर्णय झाला, तर स्वतःला मूर्ख समजू नका.

पैसा वाढला की समाधान वाढते, हेही खरे. पण त्याचा वेग घटत जातो. रोजंदारीच्या घरात आलेले पाचशे रुपये आठवड्याची भाजी आणतात, बंगल्यात ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत. आपल्या घरांना पैशाने मिळणारे सर्वात मोठे सुख म्हणजे निर्धास्तपणा.

लगीनगड्यांची आठवण

हा निर्धास्तपणा कर्ज कसे हिरावते, हे आपल्या डहाणू-तलासरीच्या मातीने पाहिले आहे. इथला वारली आदिवासी लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचा आणि ते फेडायला नवरा-बायको दोघेही त्याच्याकडे राबायचे. हेच ते लगीनगडी. कर्ज काही फिटायचे नाही, आयुष्य संपून जायचे. २३ मे १९४५ रोजी झरी गावच्या परिषदेत वारल्यांनी वेठबिगार नाकारली. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्या लढ्यात सोबत होते. दोन दिवसांच्या आनंदासाठी घेतलेले पैसे जन्माचे दुःख झाले होते.

आज वेठ नाही, पण हिशेब करून पाहा. महिना पाच टक्क्यांनी दहा हजार घेतले, तर महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार रुपये नुसते व्याज जाते. मुद्दल तसेच उभे. मग एका गटाचा हप्ता भरायला दुसरीकडून कर्ज घेतले जाते.

गृहस्थाची चार सुखे

अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. घामाने, सचोटीने मिळवलेले धन असण्याचे सुख. ते स्वतःसाठी आणि सत्कर्मासाठी वापरण्याचे सुख. कुणाचे देणे नसण्याचे सुख. आणि निर्दोष वागण्याचे सुख. यातले चौथे सर्वात मोठे, पण पहिली तीन नाकारलेली नाहीत. कर्ज नसणे हे तथागतांनी स्वतंत्र सुख मानले, हे आपण ध्यानात ठेवू.

घरात काय करता येईल?

१. सगळी देणी एका कागदावर लिहा: कोणाचे, किती, व्याज काय. नवरा-बायकोने मिळून लिहा. लपवलेले कर्ज जास्त झोप उडवते. सर्वात जास्त व्याजाचे आधी फेडा.

२. लग्न, बारसे, वाढदिवस यांसाठी व्याजाने पैसे काढू नका. आपला मंगल परिणय साधेपणाने होतो, त्यात कमीपणा नाही.

३. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचा चौथा हिस्सा अडचणीसाठी राखायला सांगितले आहे. तेवढे जमत नसेल तर आठवड्याला पन्नास रुपये बचत गटात टाका. अचानक ताप आला, तर सावकाराचे दार टळते.

४. मोठे आजारपण आले तर कर्ज काढण्याआधी सरकारी रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या.

५. काळजी विसरायला दारू नको. तिने झोप बिघडते आणि खिसाही रिकामा होतो.

६. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, जेवण जाईना, कशात मन लागेना, तर डॉक्टरांना सांगा. टेलि-मानस १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते. जीव नकोसा वाटला, तर एक दिवसही थांबू नका आणि त्या माणसाला एकटे सोडू नका.

शेजारच्या घरी वसुलीवाला येऊन बसला की आपण दार लोटून घेतो. या वेळी तो गेल्यावर त्या घरी जाऊन बसू. पैसे देता आले नाहीत, तरी देण्यांचा कागद लिहायला मदत करता येईल.