समुद्रावरील सत्ता

गड घेतला की त्यावर निशाण लावता येते, शिबंदी ठेवता येते. समुद्राचे तसे नाही. आरमार पुढे गेले की मागचे पाणी पुन्हा कोणाचेच राहत नाही. समुद्रावरील सत्ता म्हणजे हवा तो मार्ग हवा तितका काळ आपल्याला मोकळा आणि शत्रूला बंद ठेवणे, एवढेच. दुर्बळ पक्षाला तेवढेही साधावे लागत नाही. बलवानाचा वावर धोक्याचा केला तरी त्याचे काम होते.

१९७१ च्या डिसेंबरात ४ व ८ तारखांच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र-नौकांनी कराचीवर मारा केला. अरबी समुद्र आता आपला, असे वाटावे, तोच ९ तारखेस 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने दीवनजीक आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडविली. 'खुकरी' पाणबुडीच्या शोधार्थच निघाली होती! १८ अधिकारी आणि १७६ नाविक कामास आले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्यानंतर कित्येक दिवस आपली जहाजे व विमाने त्या एका पाणबुडीच्या मागावर गुंतून पडली. ती निसटली. पाण्याच्या उष्ण-शीत थरांतून जाताना ध्वनीचा मार्ग वाकतो, आणि पाण्याखालचा शोध तर मुख्यतः ध्वनीवरच चालतो.