बर्फावरच्या इंजिनांचा वाद: यलोस्टोनने तोडगा कसा काढला?

अमेरिकेतील मोंटाना राज्यात, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम प्रवेशद्वाराला लागून वेस्ट यलोस्टोन नावाचे छोटे गाव आहे. कायम वस्ती तेराशेच्या आतबाहेर. १९०८ मध्ये येथे रेल्वे पोहोचली आणि तिच्या आधाराने हे गाव वसले. उन्हाळ्यात पर्यटकांनी गजबजायचे आणि हिवाळ्यात बर्फाखाली निपचित पडायचे, हा त्याचा जुना क्रम. स्नोमोबाइलने तो बदलला. गावात हिवाळी हंगाम उभा राहिला आणि ‘जगाची स्नोमोबाइल राजधानी’ अशी बिरुदावलीही त्याने मिरवली. त्याच वाहनावरील निर्बंधांनी पुढे या गावाला दीड दशक अस्वस्थ ठेवले.

स्नोमोबाइल म्हणजे पुढे दोन घसरपट्ट्या आणि मागे फिरता पट्टा असलेले, दुचाकीसारखे स्वार होऊन चालवायचे वाहन. समुद्रकिनाऱ्यावर वॉटर स्कूटरचे जे स्थान, तेच बर्फावर याचे. यलोस्टोनमध्ये ते १९६३ पासून येऊ लागले. १९७१ पासून उद्यान प्रशासन त्यांच्यासाठी रस्त्यांवरचा बर्फ दाबून सपाट करू लागले. १९९० च्या दशकात हिवाळ्यात दररोज सरासरी ८०० च्या आसपास स्नोमोबाइल उद्यानात शिरत. सुट्टीच्या दिवशी हा आकडा बराच वर जाई.

तक्रार नेमकी कशाची?

त्या काळच्या बहुतेक स्नोमोबाइलना टू-स्ट्रोक इंजिन असे. अशा इंजिनात इंधनाचा बराच भाग न जळताच धुराबरोबर बाहेर पडतो. थंड, स्थिर हवेत हा धूर प्रवेशद्वाराशी साचून राही. तिकीट खिडकीत बसणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी बाहेरची ताजी हवा आत खेचावी लागे. २००२ च्या सुमारास काहींना तर श्वसनमुखवटे घालून काम करावे लागले. गरम पाण्याच्या कारंज्यांचा नाद ऐकायला आलेल्यांच्या कानी इंजिनांचा गोंगाट पडे.

दुसरा प्रश्न वन्यजीवांचा होता. १९९६-९७ च्या कडक हिवाळ्यात चाऱ्यासाठी उद्यानाबाहेर पडलेले हजारांहून अधिक बायसन, म्हणजे आपल्या गव्याचे दूरचे नातलग, गुरांना ब्रुसेलोसिसची बाधा होईल या भीतीपोटी मारण्यात आले. दाबलेल्या रस्त्यांमुळेच त्यांना बाहेरची वाट सोपी झाली, असा आरोप करीत प्राणिप्रेमी संघटनेने १९९७ मध्ये दावा दाखल केला.

गावात एकमत नव्हते. वाहने भाड्याने देणारे आणि हॉटेलचालक यांच्या दृष्टीने बंदी म्हणजे हिवाळ्यातील रोजगारावरच घाला होता. हा धूर रोज श्वासात घेणाऱ्या काही रहिवाशांना मात्र निर्बंध हवे होते. शांत, स्वच्छ उद्यान हेच आपले खरे भांडवल आहे, असे त्यांचे म्हणणे.

बंदी, स्थगिती, पुन्हा मर्यादा

क्लिंटन प्रशासनाने २००० च्या अखेरीस टप्प्याटप्प्याने बंदी घालण्याचा निर्णय घेतला. बुश प्रशासनाने तो फिरवून दररोज ९५० वाहनांची मुभा दिली. डिसेंबर २००३ मध्ये, हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, वॉशिंग्टनच्या संघीय न्यायाधीशांनी ही मुभा रद्द केली. दोन महिन्यांत वायोमिंगमधील दुसऱ्या संघीय न्यायाधीशांनी जुन्या बंदीच्या अंमलबजावणीलाच मनाई केली. पुढे मर्यादा ७२०, मग ३१८ अशी बदलत गेली. यात खरी होरपळ झाली ती गावाची. पुढच्या वर्षी किती वाहने चालतील हेच ठाऊक नसेल, तर कर्ज काढून नवी वाहने घ्यायची कोणी?

तोडगा निघू लागला तो प्रश्न बदलल्यावर. ‘स्नोमोबाइल हवी की नको’ याऐवजी ‘किती आवाज, किती धूर, आणि पुढे कोण’ असे विचारले गेले. २००४ नंतर कमी धुराची व कमी आवाजाची वाहने आणि सोबत वाटाड्या या अटी आल्या. प्रत्यक्ष वाहनांची दैनिक सरासरी तीनशेच्या खाली आली आणि प्रवेशद्वारावरील हवाही बरीच सुधारली.

२०१३ च्या नियमाने मोजणीचे एककच बदलले. वाहनांऐवजी ‘फेऱ्या’ मोजायच्या, असे ठरले. स्नोमोबाइलचा एक गट ही एक फेरी. स्नोकोच, म्हणजे बर्फावर चालणारी छोटी बस, हीदेखील एक फेरी. दिवसाला एकूण ११० फेऱ्या. त्यांपैकी स्नोमोबाइल गटांच्या जास्तीत जास्त ५०. व्यावसायिक गटात दहापर्यंत वाहने चालतात. पण हंगामाची सरासरी सातच्या वर जाता कामा नये. व्यावसायिक वाटाड्याविना जाणाऱ्यांसाठीही चार प्रवेशद्वारांतून रोज एकेका लहान गटाची सोय सोडतीने ठेवली आहे. यामागचा हिशेब सरळ आहे. सुटी वाहने दिवसभर धावत राहिली तर आवाज सतत येत राहतो. तीच गटाने गेली, तर दोन गटांमध्ये निखळ शांतता मिळते.

या तडजोडीत कोणाचीही मागणी पूर्ण मान्य झाली नाही. मनमुराद भटकण्याची मोकळीक गेली, तशी इंजिनांची घरघरही पूर्ण थांबली नाही. मात्र गावाला हिवाळी रोजगाराचा स्थिर आधार मिळाला आणि तिकीट खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला मोकळा श्वास. १९९७ च्या दाव्यापासून इथवर यायला सोळा वर्षे लागली. आवाज आणि धूर मोजण्याचे काम आधी झाले असते, तर त्यांतील काही वर्षे तरी वाचली असती.