पद्मिनीचं मिसिंग

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून विकली गेलेली ही मूळची फियाट आता हौशी मालकांकडे उरली आहे, आणि त्यांची नेहमीची तक्रार आहे : गाडी मिसिंग मारते. आयडलला थरथरते, चढावर धक्के देते, सायलेन्सरमधून मधूनच फट् असा आवाज काढते. पहिला संशय जातो तो कार्ब्युरेटरवर. जेट काढून फुंकले जातात, सगळा रविवार त्यात जातो आणि मिसिंग तिथंच. माझं मत पक्कं आहे : आधी करंट बघा, पेट्रोल नंतर.

बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटपर्यंत येतात. पॉइंट मिटलेले असेपर्यंत कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कॅमच्या उंचवट्यानं पॉइंट उघडले की ते क्षणात कोसळतं आणि हजारो व्होल्टचा झटका रोटरवरून १-३-४-२ या क्रमानं एकेका प्लगला मिळतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर हे सेकंदाला शंभर वेळा घडतं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१०च्या सुमारास आणलेली ही रचना, मुळात तशीच, या १०८९ सीसीच्या इंजिनात आहे. तिच्यात काहीही झाकलेलं नाही. क्लिपा सोडल्या, कॅप उचलली की सगळा कारभार समोर. या गाडीवर माझा जीव आहे तो यासाठीच.

जाणता मिस्त्री आधी कान लावतो. इंजिन आयडलला ठेवून इन्सुलेटेड पकडीनं एकेका प्लगची वायर काढतो. चालू सिलिंडरची वायर निघाली की इंजिनाचा आवाज पडतो. मेलेल्याची काढली तर काहीच फरक पडत नाही. समजा, तिसरा मेलाय. मग इंजिन बंद करून तिसऱ्याचा प्लग पहिल्यात आणि पहिल्याचा तिसऱ्यात. मिसिंग पहिल्यात आलं तर दोष प्लगचा. तिसऱ्यातच राहिलं तर वायर बघायची, मग कॅप, आणि शेवटी कॉम्प्रेशन. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग, पॉइंट, वायरी सगळं एकदम नवं टाकलं तर गाडी कदाचित सुधारेल, पण दोष कुठं होता ते कधीच कळणार नाही. शेजारचे दोन सिलिंडर एकदम गेले असतील आणि वायरी जागच्या जागी असतील, तर हेड गॅस्केटकडे वळावं.

पावसाळ्यात कॅप आतून ओलावते. कोरड्या फडक्यानं पुसली की बहुधा भागतं. नाहीच भागलं तर ती उजेडात धरून तिरकी फिरवावी. दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर करंट तिथून पळतोय. अशी कॅप घासत बसू नये, बदलावी. वायरींची गळती अंधारात पकडता येते : बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं की निळसर ठिणग्या सरपटताना दिसतात.

पॉइंट मात्र सावकाश बघावेत. एका तोंडावर खड्डा आणि समोरच्यावर तेवढाच उंचवटा दिसला तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा झिजत जातो, तशी फट कमी होते आणि टायमिंग मागं पडतं. गाडीचा दम हळूहळू जातो, म्हणून मालकाच्या लक्षातही येत नाही. फीलर गेज घालून फट ०.४ ते ०.५ मिमीच्या दरम्यान आणावी आणि त्यानंतरच टायमिंगला हात लावावा. उलटं केलं तर दोन्ही पुन्हा करावं लागतं.

सगळ्यात छळणारा दोष गरम झाल्यावर दिसतो. गाडी सकाळी छान निघते, घाटात बंद पडते, थंड झाली की पुन्हा सुरू. इथं कॉइल किंवा कंडेन्सर, दोन्हींपैकी एक. दोन्ही गरम असतानाच तपासावेत. थंड कॉइल मीटरवर निर्दोष ठरते. नवा कंडेन्सर टाकला तरी चालू स्थितीतला जुना फेकू नये. तो डिकीत, स्क्रू ड्रायव्हरसोबत ठेवावा.