लोणारचे विवर पडद्यावर उभे करताना

व्हिडिओ गेम खेळणे आणि जुन्या तारा, मोटारी, सुटे भाग जमवून काहीतरी जुळवत बसणे या दोन छंदांकडे मराठी घरांत एकाच नजरेने पाहिले जात नाही. पहिल्याला वेळेची नासाडी म्हटले जाते, तर दुसऱ्याबद्दल, घरभर पसारा होत असला तरी, पालकांना मनातून थोडे कौतुक असते. व्हिडिओ गेमचा इतिहास पाहिला तर मात्र ही विभागणी टिकत नाही, कारण हा खेळ जन्माला आला तोच खटपटी माणसांच्या हातून.

अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑक्टोबर १९५८ मध्ये, प्रयोगशाळा पाहायला येणारे लोक नुसत्या फलकांसमोर कंटाळू नयेत म्हणून, ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेच्या दाबातील चढउतारांचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राच्या छोट्या गोल पडद्यावर, टेनिसचा खेळ उभा केला. त्यांच्या हाताशी असलेल्या अ‍ॅनालॉग संगणकाच्या माहितीपुस्तिकेत उसळत्या चेंडूचा मार्ग कसा काढावा हे दिलेले होते आणि त्या गणिताला त्यांनी दोन खेळाडूंच्या हातातील बटणे जोडली. तो पाहायला लोकांनी रांगा लावल्या, तरी त्याचे पेटंट कोणी घेतले नाही आणि पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनानंतर तो सुटाही करण्यात आला. १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत ‘स्पेसवॉर’ हा अवकाशयुद्धाचा खेळ तयार झाला तेव्हा तो संगणकाच्या पुढच्या बाजूच्या खटक्यांवर खेळावा लागे व खेळणाऱ्यांचे कोपर दुखू लागत. त्यावर संस्थेतील खेळण्यातल्या रेल्वेच्या मंडळातील विद्यार्थ्यांनी लाकूड आणि जुने खटके वापरून हातात धरता येईल अशी पेटी बनवली. आजच्या कंट्रोलरचे, म्हणजे खेळाडूच्या हातातील नियंत्रकाचे, मूळ अशा दुखऱ्या कोपरात आणि भंगार सामानात आहे.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांतील तालुक्याच्या गावांपर्यंत व्हिडिओ गेम पोहोचला तो उशिरा आणि बराचसा आडवाटेने. जपानमध्ये १९८३ साली बाजारात आलेल्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ या यंत्राच्या स्वस्त नकला नव्वदच्या दशकात भारतभर विकल्या गेल्या. त्यांत घालायच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे, पण प्रत्यक्षात थोडकेच खेळ वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू करून पुन्हा पुन्हा यादीत भरलेले असत. ज्यांच्याकडे घरी यंत्र नव्हते त्यांच्यासाठी नाण्यावर चालणारी पार्लरे होती. तिथे ‘कॅपकॉम’ कंपनीचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ इतका लोकप्रिय झाला, की मूळ नाव बाजूला पडून त्यातील पिवळ्या टोपीवाल्या पात्रावरून तो देशभर ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला गेला. कॅसेट चालली नाही की ती काढून तिच्यात फुंकर मारायची ही त्या काळातील सार्वत्रिक दुरुस्ती होती. तिचा गुण फुंकरीत नव्हता. कॅसेट काढून पुन्हा बसवताना मळलेली धातूची टोके घासली जात व विजेचा संपर्क जुळून येई, आणि फुंकरीतील ओलाव्याने उलट गंजच वाढत असे. तरीही बिघाडाचे कारण शोधण्याची एक कच्ची सवय त्या पिढीला लागली, हे नाकारता येत नाही. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट आले, खेळ मोबाइलमध्ये शिरला आणि त्याबरोबर ही सवय मागे पडली, कारण मोबाइल हे उघडून पाहायचे यंत्र नव्हे, अशीच त्याची रचना असते.

खेळ आतून पाहायचा तर आज दुसरी वाट आहे. ती म्हणजे तो स्वतः रचणे. व्हिडिओ गेम हा मुळात नियमांचा संच असून संगणक तो संच सेकंदाला साधारण साठ वेळा तपासतो: कोणते बटण दाबले गेले, पात्र कुठे आहे, त्याच्या पायाखाली जमीन आहे की नाही हे पाहून तो नवे चित्र काढतो. अशा प्रत्येक चित्राला ‘फ्रेम’ म्हणतात. गुरुत्वाकर्षण, टक्कर, प्रकाश यांसारखी नेहमी लागणारी कामे दर वेळी नव्याने लिहावी लागू नयेत म्हणून ती एकत्र बांधून ठेवलेल्या साधनाला ‘गेम इंजिन’ असे नाव आहे. अर्जेंटिनातील दोन तंत्रज्ञांनी घडवलेले ‘गोडो’ हे इंजिन २०१४ पासून सर्वांना विनामूल्य आणि मूळ संहितेसह उपलब्ध आहे. त्याहून सोपे साधन हवे असेल तर मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये मुलांसाठी काढलेले ‘स्क्रॅच’ आहे, ज्यात आज्ञा टंकित करण्याऐवजी रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात.

साधने मिळाली तरी खेळ कशावर करायचा हा प्रश्न उरतो, आणि येथे बुलढाणा जिल्ह्याकडे एक असे साहित्य आहे जे जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. लोणारचे विवर बेसाल्ट खडकात उल्कापाताने तयार झाले असून त्याचा व्यास सुमारे १.८३ किलोमीटर आणि खोली सुमारे १५० मीटर आहे. त्याची कड सभोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच उचललेली आहे. चंद्र आणि मंगळ यांवरील अनेक विवरेही अशाच खडकात असल्याने शास्त्रज्ञ लोणारचा अभ्यास त्यांच्याशी तुलना करण्यासाठी करतात, म्हणजे लोणारची जमीन पडद्यावर उतरवणारा छंदिष्ट, रंग बदलला की, मंगळावरच्या खेळासाठीही तीच वापरू शकतो.

जमीन पडद्यावर उतरवण्याची रीत अशी आहे. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली आणि ती माहिती आता दर ३० मीटरला एक नोंद या प्रमाणात कोणालाही मोफत घेता येते. तिच्यापासून ‘हाइटमॅप’, म्हणजे उंचीचे करडे चित्र, तयार करतात: जो बिंदू जितका उंच तितका तो पांढरा आणि जितका खोल तितका काळा. गेम इंजिन हे चित्र वाचून त्याप्रमाणे जमीन वर-खाली ओढते. ३० मीटरच्या हिशेबाने लोणारच्या संपूर्ण व्यासात केवळ एकसष्ट नोंदी बसतात, त्यामुळे विवराचा आकार बरोबर येतो, पण काठावरची झाडे, देवळे आणि खाली उतरणाऱ्या पायवाटा त्यात दिसत नाहीत. त्या हाताने रचाव्या लागतात. चित्रात करड्या रंगाच्या २५६ छटा असतील आणि कडेपासून तळापर्यंतचा फरक १५० मीटरच्या आसपास असेल, तर एका छटेला सुमारे ६० सेंटीमीटर उंची येते आणि उतार गुळगुळीत होण्याऐवजी पायऱ्यापायऱ्यांचा होतो. तो दोष घालवण्यासाठी अधिक छटांचे चित्र घ्यावे लागते किंवा शेजारच्या नोंदींची सरासरी काढावी लागते. भूगोल, अंकगणित आणि भूमिती हे तीन विषय येथे एका संध्याकाळच्या कामात एकत्र येतात, आणि तेही परीक्षेचे नाव न घेता.

त्यानंतर खेळाचा खरा प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे मापाचा. ताशी पाच किलोमीटरच्या चालीने विवर सरळ ओलांडायला बावीस मिनिटे लागतील आणि पडद्यासमोर बसलेला कोणताही खेळाडू बावीस मिनिटे नुसता चालणार नाही; म्हणून अंतर आखडावे लागते, वेग वाढवावा लागतो किंवा वाटेत काही घडवावे लागते. घडवायला लोणारमध्ये वाण नाही. लवणासुराने जमिनीखाली दडून उच्छाद मांडला आणि विष्णूने त्याच्या बिळावरचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडवून त्याचा वध केला, ही कथा तेथील दैत्यसूदन मंदिराशी जोडलेली आहे; बारमाही वाहणारी धार आहे; तळ्याकाठी कमळजा देवीचे देऊळ आहे. जून २०२० मध्ये तळ्याचे पाणी गुलाबी झाले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. खेळ रचणाऱ्याच्या दृष्टीने हा आयता नियम आहे: पाऊस कमी झाला की पाणी आटते, खारटपणा वाढतो, एका मर्यादेपलीकडे रंग बदलतो आणि पाऊस पडला की तो पुन्हा हिरवट होतो. असे तीन-चार आकडे एकमेकांशी बांधले की तळे नुसते चित्र राहत नाही, ते खेळाडूच्या कृतीला प्रतिसाद देऊ लागते.

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी हे याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण. अक्षय तृतीयेला शेतात घट मांडून त्याभोवती धान्ये ठेवतात, पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार मातीची ढेकळे ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत झालेले बदल पाहून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. या भाकिताला वैज्ञानिक आधार नाही आणि पेरणीचा निर्णय त्यावर सोपवणे धोक्याचे आहे. मात्र वस्तू, त्यांचे अर्थ आणि त्यांच्या हालचालींवरून निघणारा निकाल अशी तिची रचना पटावरच्या खेळाच्या अगदी जवळची आहे. ‘यादृच्छिक संख्या’, म्हणजे संगणकाने फासा टाकल्यासारखी काढलेली संख्या, शिकवायला यापेक्षा ओळखीचा नमुना विदर्भातील विद्यार्थ्याला मिळणार नाही: धान्ये कशीही विखुरली तरी भाकीत कधी ना कधी खरे ठरतेच, हे शंभर वेळा मांडणी करून तो पडद्यावर स्वतः पाहू शकतो.

खटपटीचा दुसरा भाग पडद्याबाहेरचा आहे. इटलीतील इव्रेआ येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘आर्दुइनो’ या छोट्या पाटीवर एक सूक्ष्म नियंत्रक असतो, म्हणजे दिलेली आज्ञावली चालवणारी एक चिप, आणि त्याच्या काही प्रकारांना संगणकापुढे आपण कीबोर्ड असल्याचे भासवता येते. पुठ्ठ्यावर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची पातळ पन्नी चिकटवून तिला तार जोडली की झाले बटण. महाराष्ट्राला ही वृत्ती नवी नाही. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीचे आकार उभे करणारे अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका संस्थेतील विज्ञान केंद्रात कचऱ्यातून खेळणी करण्याचे काम वर्षानुवर्षे केले. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये सुरू झालेली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर आखलेली वस्तू यंत्राने कापून-घडवून देणारी कार्यशाळा, मॅसॅच्युसेट्सबाहेरची अशी पहिली होती.

सरकारी पातळीवर २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनने शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले आणि सहावी ते बारावीच्या मुलांच्या हातात संवेदक, मोटारी आणि त्रिमितीय छपाईयंत्रे यावीत अशी योजना केली. योजना चांगली असली तरी शाळेत असे सामान आले की ते प्रदर्शनातील प्रतिकृतींकडे ओढले जाते, आणि प्रतिकृतीला उपयोगाचे कारण सांगावे लागते. केवळ मजेसाठी केलेला खेळ तिथे मागे पडतो. खरे तर नवशिक्याला मजेचेच कारण पुरेसे असावे, कारण चुकलेला खेळ लगेच चुकलेला दिसतो आणि दुरुस्त करावासा वाटतो. जिल्ह्यात शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, खामगावला तंत्रनिकेतन आहे, आणि त्यांच्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक तालुक्याच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीची दुकाने आहेत, जिथे डाग देण्याचे, म्हणजे सोल्डरिंगचे, कौशल्य रोज राबते.

पालकांची काळजी मात्र निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात २०२२ पासून ‘गेमिंग विकार’ समाविष्ट आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे ही त्याची लक्षणे असून निदानासाठी ती साधारणपणे वर्षभर टिकलेली असावी लागतात. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ हे तर वेगळेच प्रकरण आहे आणि संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने त्यांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्स व करमणुकीचे खेळ स्पष्टपणे निराळे ठेवले. घरातही हा फरक केला जावा. सुटीत दोन तास खेळणारा मुलगा आणि रात्री कर्ज काढून डाव लावणारा तरुण यांना एकाच शब्दात झोडपण्याने दोघांचेही भले होत नाही.

छंदाचा व्यवसाय होतो तेव्हा काय लागते, हे पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेच्या ‘राजी’ या खेळावरून दिसते. भारतीय पुराणकथांवर आधारलेल्या या खेळासाठी २०१७ मध्ये लोकांकडून निधी मागण्याचा प्रयत्न यशस्वी झाला नाही, तरी २०२० मध्ये तो पूर्ण होऊन जगभर प्रसिद्ध झाला. अशी मजल गाठणारे थोडे, आणि प्रत्येक छंदाने तिथवर जावे अशी अपेक्षाही अनाठायी आहे.

बुलढाण्यात बसून खेळ करणाऱ्याला आरंभी अडवते ती गोष्ट बहुधा भाषेची असते, कारण शिकण्याचे बहुतांश साहित्य इंग्रजीत आहे. देवनागरीची अडचण आणखी वेगळी होती: अनेक इंजिने अक्षरे आली त्या क्रमाने ओळीत मांडत, त्यामुळे पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडे, जोडाक्षरे फुटत आणि रफार भलतीकडे जाई, म्हणून छंदिष्ट संवादांची चित्रेच करून लावत. ‘गोडो’च्या मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून अशा लिपींची मांडणी इंजिनच करते, आणि मराठी संवाद थेट टंकित करता येतो. वऱ्हाडी बोली लिहिण्यापेक्षा ऐकण्यातच अधिक खुलते. लोणारच्या काठावरचा गुराखी खेळाडूला वाट सांगणार असेल, तर त्याचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून, मागचा वारा कमी करून, बटणाला जोडले की काम होते.